विकणारीची बाजू

जुन्या साड्या ऑनलाइन विकते म्हटलं की लोक गिऱ्हाइकांबद्दल विचारतात. कोण घेतं, पैसे बुडतात का, माल परत येतो का. गिऱ्हाईक सोपं असतं हो. ते पुण्यात नाहीतर बंगळुरूत बसलेलं असतं, त्याला फोटो आवडतो किंवा आवडत नाही, विषय संपला. अवघड असते ती दुसरी बाई, जिच्या पेटीतून साडी निघते. ती समोर बसलेली असते. चहा तिच्या घरचा असतो. आपल्या पेटीत काय आहे हे तिला पुरतं ठाऊक नसतं आणि मला पहिली घडी उलगडताच कळलेलं असतं. या धंद्याची सगळी मेख इथे आहे.

भंडाऱ्यात माझं फॉल-पिकोचं छोटं दुकान होतं. अजून आहे, मशीनवर आता दुसरी मुलगी बसते. फॉल लावणाऱ्या बाईला साडी उलट बाजूने बघायची सवय असते. सुलट बाजू सगळेच बघतात. आम्ही काठ उलटा करून धरतो, कारण काठ आकसलेला आहे का, धागा सरकतोय का, ओला अंगठा लावला तर रंग सुटतो का, हे आधी पाहिलं नाही तर भरपाई आपल्या गळ्यात पडते. हे शिक्षण मला मजुरी घेत घेत मिळालं. त्याचा दुसरा काही उपयोग होईल असं 2020 पर्यंत डोक्यात आलं नव्हतं.

त्या वर्षी लॉकडाऊनने लग्नसराई खाल्ली. लग्नच नाही तर फॉल कुठला. आणि ऑगस्टच्या अखेरीस पूर आला. वर मध्य प्रदेशात संजय सरोवराचं पाणी सोडलं आणि वैनगंगा भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत शिरली. पाणी ओसरल्यावर बघावं तिकडे गच्चीवर, कुंपणावर, उभ्या ट्रॅक्टरवरसुद्धा साड्या वाळत पडलेल्या. लोखंडी पेट्यांचा गंज कापडावर उतरलेला, काठाचा लाल रंग अंगावर पसरलेला. बायका घाईघाईने गाळ उन्हात वाळू देत आणि मग झटकून, घासून काढत. रेशीम तिथेच मरतं. वाळलेला गाळ म्हणजे बारीक कानसच, घासलं की धागा कापतो. गाळ ओला असतानाच निघाला पाहिजे. साध्या पाण्यात बुडवायचं, पाणी टाकायचं, पुन्हा बुडवायचं, पाणी निवळ दिसेपर्यंत. पिळायचं नाही. शेवटी रिठ्याचं कोमट पाणी आणि सावलीत आडवं पसरून वाळवणं. मी हे दोन-चार घरी सांगितलं, आणि मग लोक गाठोडीच आणून टाकायला लागले. एका काकूंनी धुतलेलं कोशाचं लुगडं परत न्यायलाच नकार दिला. म्हणाल्या, “ठेव तुझ्याकडं, मले नाही पाहवत आता.” डाग राहिला होता, पण लुगडं उभं होतं. माझ्या भाचीने त्याचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला आणि संध्याकाळपर्यंत लोक किंमत विचारत होते. पैसे आले ते मी काकूंना नेऊन दिले, धुलाईचे तेवढे ठेवले. त्यांनी ते मोजले, मग पुन्हा मोजले, आणि आतून आणखी एक पातळ काढून आणलं.

धंदा असा सुरू झाला. त्याचं नाव, खातं, पाकिटावरचा शिक्का हे सगळं नंतर आलं.

आमच्या भागातलं खरं धन म्हणजे करवती काठाचं कोशाचं लुगडं. मोहाडी, आंधळगाव, इकडे पवनी, पलीकडे नागपूर, या पट्ट्यातल्या कोष्ट्यांच्या मागांवर ते विणलं जात आलं. कोसा जंगलातला, ऐन-अर्जुनाच्या पाल्यावर वाढलेला, ढिवरांनी पाखरांपासून राखलेला. अंग कोशाच्या मूळ मधाळ रंगाचं, काठ गडद, आणि दोघांच्या सीमेवर करवतीचे दात. त्याला आता भौगोलिक मानांकनही आहे. तसली नक्षी पॉवरलूमवरही निघते आणि बाजारात तीच जास्त दिसते. ओळखायला साडी उलटी करायची. खऱ्या कामात तीन धोटे चालतात, एक अंगाचा आणि दोन दोन्ही काठांचे. अंगाचा आडवा धागा काठापाशी येतो, काठाच्या धाग्यात अडकतो आणि माघारी फिरतो. काठात तो शिरतच नाही. म्हणून काठाचा लाल निखळ लाल राहतो, आणि मागच्या बाजूला धागे लोंबत नाहीत. दात दोन्हीकडून सारखेच. एकाच धोट्याच्या साडीत अंगाचा धागा काठातूनही आरपार जातो आणि त्या लालाला मळकट करतो. जुन्या लुगड्यात आणखी एक खूण असते, कोशाचा धागा मधेच जाड, मधेच बारीक. पूर्वी बायका तो मांडीवर वळून काढत, त्यामुळे कापड उजेडासमोर धरलं की ढगाळ दिसतं. दोष नव्हे, हाताची खूण आहे ती. नखाचा शेंडा करवतीच्या दातांवरून हलकेच फिरवला तर प्रत्येक टोकाशी किंचित गाठाळ लागतं. धागा तिथे वळलेला असतो.

हे मला कळतं आणि पेटीवालीला कळत नाही, तेव्हा काय करायचं?

पवनीच्या बाजूचं एक पुनर्वसन गाव. गोसेखुर्द धरणाची पायाभरणी 1988 साली झाली, पण गावं उठली ती पुढे कित्येक वर्षं, टप्प्याटप्प्याने. घर हललं की पेटी उघडते, आणि नव्या घरात ती ठेवायला जुन्यासारखा माळा नसतो. तिथल्या एका आजींनी धोतरात बांधलेलं करवती लुगडं माझ्यासमोर सोडलं. एका घडीवर विरलेलं, बाकी ठणठणीत. त्यांच्या मते ते वाकळीच्या लायकीचं होतं. “अस्तराले चालन का पाय,” म्हणाल्या. वाकळीच्या भावाने मागितलं असतं तर त्यांनी आनंदाने दिलं असतं आणि वर चहा पाजला असता. मी सांगितलं, आजी, हे मी अमुक रुपयांना विकीन, त्यातले तुम्हाला अमुक देईन, मधला फरक माझा. रफू, धुलाई, पाकीट, पोस्ट त्यातूनच. आजी गप्प बसल्या. जावेला हाक मारली, मला पुन्हा सांगायला लावलं. जावेने लुगडं उलटसुलट केलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “एवढं चांगलं हाये तं तूच नेस ना वं.” दोघी हसल्या आणि लुगडं परत धोतरात गेलं. त्या दिवशी मला दोन सुती पातळं मिळाली. लुगडं कधीतरी पुढच्या हिवाळ्यात आलं, आजींच्या नातीबरोबर, मी सांगितलेल्या भावाला.

दोन्ही भाव सांगायचे, घेण्याचाही आणि विकण्याचाही, हा माझा रिवाज तेव्हापासूनचा. या व्यवसायातले इतर लोक मला वेड्यात काढतात. कोणता व्यापारी आपला विकायचा भाव घेताना सांगतो? त्यांचं बरोबर आहे. काही घरं ऐकून हटून बसतात, काही जणी शेजारणीला विचारून दुप्पट मागतात, आणि मी चहा पिऊन रिकाम्या हाताने उठते. पण यात फार मोठं पुण्यकर्म आहे असंही कुणी समजू नये. हा जिल्हा लहान आहे. 1999 मध्ये गोंदिया वेगळा झाल्यावर तर सातच तालुके उरले. लाखनीत कुणाला फसवलं तर माझ्या आधी ती बातमी साकोलीत पोचते, कारण एकीची नणंद दुसरीची मामेबहीण असते. इथे पुढची पेटी मागच्या पेटीवालीच्या सांगण्यावरून उघडते. शहरात जाऊन अनोळखी माल उचलणाऱ्याला दुसरं गणित परवडत असेल, मला ते परवडणारं नाही.

जरीचं प्रकरण निराळं. “जरीच्या जुन्या साड्याऽऽ” अशी हाळी देत फिरणारे लोक माझ्या आधीपासून आहेत आणि त्यांना साडीशी काही देणंघेणं नाही. पूर्वीच्या खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली असे, वर सोन्याचं पाणी. पुढे तांब्याची तार आली, त्याच्यापुढे प्लास्टिकची चमक. खरी जर असली की साडी जाळून चांदी काढतात. काठ-पदर कापून जळणात घातलेला शालू मी डोळ्यांनी पाहिलेला आहे, आणि जुन्या कापडाचे शौकीन हे ऐकून हळहळतात तशी मीही हळहळले होते. आता तितकी हळहळत नाही. रेशीम प्रत्येक घडीवर तुटलेलं असेल, हात लावला की तुकडा हातात येत असेल, तर ती साडी नेसायची राहिलेली नसते. एका घरी असा बनारसी शालू होता. त्यांना दवाखान्याचे पैसे भरायचे होते. मी जर कसोटीवर बघायला ओळखीच्या सराफाकडे घेऊन गेले. चांदी होती. शालू म्हणून मी जे देऊ शकत होते त्याहून चांदीचे पैसे जास्त येत होते, आणि ते मी घरी येऊन सांगितलं. मुलीने पदरातला वीतभर चौकोन कापून ठेवून घेतला, बाकी सराफाकडे गेलं. पुण्याच्या एका गिऱ्हाईक बाईंना मी हे बोलता बोलता सांगितलं तर त्या म्हणाल्या, तुम्ही वारसा वितळवलात. असेल. तो वारसा त्यांच्या भिंतीवर फ्रेममध्ये गेला असता आणि दवाखान्याचं बिल इथेच राहिलं असतं.

खरी-खोटी जर ओळखायची घरगुती परीक्षा सगळ्यांना ठाऊक असते. एक धागा काढून खरवडायचा, तारेत लालसर धातू दिसला तर तांबं. कापडाचीही तशीच. सुटलेला धागा जाळला आणि केस जळल्याचा वास येऊन राख बोटात भुगा झाली तर रेशीम, कागदाचा वास आला तर सूत, टोकाला कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. ही परीक्षा मी मुद्दाम पेटीवालीच्या समोर करते, तिच्याच चुलीपाशी. माझ्या शब्दावर विसंबायचं कारण तिला उरत नाही. एकदा एका सासूबाईंची ‘प्युअर सिल्क’ म्हणून वर्षानुवर्षं जपलेली साडी मणी होऊन बसली आणि सुनेने जो काही सुस्कारा सोडला, त्याची किंमत कुठल्याच साडीला येणार नाही.

पैसे कुणाच्या हातात द्यायचे, हा प्रश्न मला धंद्यात उतरण्याआधी सुचलाच नसता. लुगडं बाईचं, त्यात दुमत नाही. माहेरून आलेलं, डोहाळजेवणात मिळालेलं, नवऱ्याने धान विकल्यावर तुमसरच्या बाजारातून आणलेलं, कसंही असो, पेटीची किल्ली तिच्याकडे असते. शेत तिच्या नावावर नसतं, घर नसतं, दागिना मोडायचा तर दहा जण बोलतात. लुगडं विकलं तर कुणी विचारत नाही, कारण घरातल्या पुरुषांच्या लेखी त्याची किंमत भांडेवालीकडून मिळणाऱ्या स्टीलच्या डब्याएवढी. मी सुरुवातीला फोनवरून पैसे पाठवायची. एका बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की फोनचं ते पोराच्या नंबराला जोडलेलं आहे, घंटी त्याच्या खिशात वाजते. तेव्हापासून मी रोख नेते, तेही शंभर-दोनशेच्या नोटांत, कारण पाचशेची नोट मोडायला दुकानात गेलं की गावाला कळतं. त्या पैशांचं काय करतात हे मी विचारत नाही, पण त्या आपणहून सांगतात. नातीची फी, डोळ्याचं ऑपरेशन, शेगावची वारी. एका म्हाताऱ्या बाईंनी नोटा कमरेच्या पिशवीत खोचत सांगितलं, “माह्या तेरवीचा खर्च मीच ठेवतो, पोट्ट्यांच्या तोंडाकडं पायत नाही.” आमच्याकडे बायकाही ‘ठेवतो’च म्हणतात.

उलटंही घडतं. एक गृहस्थ मोटारसायकलवर दोन शालू घेऊन आले, आई वारली म्हणाले, पैसे घेतले आणि गेले. एक शालू फोटो टाकताच विकला गेला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी फोन आला. पलीकडून म्हाताऱ्या पण खणखणीत आवाजात, “मी जित्ती हाओ वं, माहा शालू कुठं हाये?” त्यांच्या भाचीने त्यांना कुठूनतरी माझं पान दाखवलं होतं. पाकीट सुदैवाने अजून पोस्टात टाकलेलं नव्हतं. दोन्ही शालू मी नेऊन दिले. घेणाऱ्या बाईंचे पैसे परत केले, त्या समंजस निघाल्या. मुलाकडून माझे पैसे यायला मात्र बराच काळ गेला, आणि सगळे आलेच असंही नाही. आता पुरुष एकटा साड्या घेऊन आला तर मी चहा देते आणि घरचा पत्ता विचारते. बाई खरंच गेलेली असेल तर मुलींशी फोनवर बोलल्याशिवाय काही उचलत नाही. मुलींशी म्हणजे मुलींशीच. सुना बहुधा ‘घेऊन जा’ म्हणतात. मुलींना त्यातली एखादी हवी असते, आणि कुठली हवी ते सांगता सांगता त्या रडतात, तो फोन लवकर संपत नाही.

गिऱ्हाइकांबद्दल थोडं सांगायलाच हवं. भंडाऱ्यात माझी विक्री जवळजवळ नाही. परक्या बाईच्या अंगावरून उतरलेलं इथे कुणी नेसत नाही, अगदी गरीब घरातही. घेणाऱ्या मुंबई-पुण्याच्या, बंगळुरूच्या, काही परदेशात राहणाऱ्या. त्यांचे प्रश्न ठरलेले. मेलेल्या बाईची आहे का? अनेकदा असते, आणि मी तसं लिहिते. धुतली आहे का? आहे. आणि मग, कधी आडून, कधी सरळ, कोणत्या घरची आहे? ‘घर’ म्हणजे जात, हे विचारणारीलाही ठाऊक असतं आणि मलाही. परवापर्यंत जुन्या कापडाच्या प्रेमात पडलेली, हातमागावर भरभरून लिहिणारी बाई हे विचारते तेव्हा पहिल्यांदा कानशिलं तापली होती. आता मी एकच ओळ पाठवते, विणणारे कोष्टी, बाकी माहिती देत नाही. निम्म्या जणी तिथे थांबतात. थांबू देत. ज्या घरांनी माझ्यासाठी पेटी उघडली त्यांची जात पाकिटावर चिकटवून पाठवायला मी दुकान काढलेलं नाही.

त्यांना आणखी एक गोष्ट हवी असते, ती म्हणजे गोष्टच. आजीने लग्नात नेसलेली, स्वातंत्र्याच्या वर्षी घेतलेली, असं काहीतरी. पेटीवालीने सांगितलं आणि लिहायला परवानगी दिली तर मी लिहिते. नाहीतर कापड जे सांगतं तेवढंच. गिरणीचं सुती लुगडं असेल तर टोकाला छाप सापडतो, आणि तो खोटं बोलत नाही. नागपूरची एम्प्रेस मिल 1877 पासून चालू होती, तिचा छाप अजून क्वचित हाताला लागतो. लांबी वारात लिहिली असेल तर ते कापड साधारण साठचं दशक सुरू होईपर्यंतचं, कारण मग मीटर आला. किंमत आण्यात असेल तर 1957 च्या आधीचं. ‘नये पैसे’ असतील तर 1957 ते 1964 या सात वर्षांतलं. एवढं बारीक कळतं तिथे मी छाती ठोकून सांगते. कळत नाही तिथे ‘जुनी’ म्हणून सोडून देते. एका परदेशातल्या बाईंना शंभर वर्षांपूर्वीची पैठणी हवी होती, किंमत विचारतही नव्हत्या. शंभर वर्षं उलटलेली कारागिरीची वस्तू 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. मी हे कळवलं तर त्यांचं उत्तर आलं, मग नव्वद वर्षांची म्हणून पाठवा. बायका काय बोलतात!

दोष आधी दाखवायचा हे फॉल-पिकोनेच शिकवलेलं. माझ्या पानावर पहिला फोटो डागाचा किंवा विरलेल्या जागेचा असतो, बाजूला रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे आकार कळावा. साडी त्यानंतर. भाचीला ही पद्धत धंदा बुडवणारी वाटायची. माल परत येण्याचं प्रमाण त्यामुळे इतकं कमी झालं की तिने वाद घालणं सोडलं. रंगाचा वाद मात्र मिटत नाही. कोशाचा रंग मोबाईल धड पकडत नाही, उन्हात पिवळा दाखवतो, सावलीत राखाडी. सकाळी आठच्या सुमारास पूर्वेच्या व्हरांड्यात जो उजेड असतो त्यात तो त्यातल्या त्यात खरा येतो, म्हणून आमचा सगळा कारखाना त्या तासात चालतो. मे महिन्यात तोही नाही. पंचेचाळीस डिग्रीत रेशमाची घडी उलगडायची हिंमत होत नाही, चरचरतं ते. उन्हाळ्यात पेट्या बंद, पावसाळ्यात दर उघडिपीला घड्या बदलायच्या, एकाच रेषेवर ताण येऊ द्यायचा नाही. डांबराच्या गोळ्या कापडाला टेकू द्यायच्या नाहीत, जर काळवंडते.

साड्यांबरोबर पेट्यांतून शिवलेले कपडेही निघतात. सत्तर-ऐंशीच्या दशकातली पोलकी, बलून बाह्यांचे ब्लाउज, नायलॉनच्या साड्या, गार्डनच्या, विमलच्या. ‘बॉबी’ 1973 मध्ये आला आणि ठिपक्यांच्या कापडाने भंडाऱ्यापर्यंत मजल मारली, तसले ब्लाउज अजून सापडतात आणि हातोहात जातात. घालणाऱ्यांना ते होत नाहीत ती गोष्ट वेगळी. लेबलवरच्या साइजवर भरवसा नाही, लेबलच नसतं म्हणा. ब्लाउज सपाट ठेवून छाती, दंड, उंची इंचात मोजून लिहावी लागते. शिवणीच्या आत किती कापड सोडलंय तेही, कारण जुने शिंपी बाईचं वय वाढणार हे धरून आत दोन बोटं माया ठेवत. हल्लीचे ठेवत नाहीत. ज्या नायलॉनला कुणीच विचारत नाही ते झाडीपट्टीच्या नाटकांना जातं. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, वडशाच्या कंपन्यांचे रात्ररात्र प्रयोग लागतात आणि स्टेजच्या लाइटखाली चमकेल असं काहीही त्यांना चालतं. तिथे करवती चालत नाही. मी एकदा हौसेने दिली होती. कपडेपट सांभाळणाऱ्याने परत केली, “प्रेक्षकाले वाटन बाई गरीब हाये.”

नफ्याचं विचाराल तर महिन्याला घरखर्चाचा एक हिस्सा निघतो, सगळा नाही. फॉल-पिको बंद करता येत नाही. नागपूरच्या मोमिनपुऱ्यातल्या रफूगराची मजुरी वाढत चालली आहे आणि ती वाढायलाच हवी, त्याच्यासारखा हात आता मिळत नाही. मुख्य म्हणजे माल संपणारा आहे. ज्या बायकांच्या पेटीत हातमागाचं लुगडं सापडतं त्या पंचाहत्तरीच्या पुढच्या आहेत. त्यांच्या सुनांच्या कपाटात सुरतेच्या साड्या आहेत.

म्हणून गेली काही वर्षं मी विकण्याआधी प्रत्येक करवती लुगडं आंधळगावच्या एका विणकर दादांकडे नेते. त्यांच्या घरात माग आहे आणि हातही आहे, पण जुन्या काठांचे नमुने त्यांच्या वडिलांबरोबर गेले. ते भिंग लावून इंचातले धागे मोजतात, काठाचे दात किती धाग्यांवर वळले आहेत ते वहीत चौकोन आखून उतरवतात. पहिल्या भेटीत त्यांनी माझी हजेरीच घेतली होती. तुमच्या जुन्या साडीने आमच्या नव्या साडीचं गिऱ्हाईक नेलं, म्हणाले. त्यांच्या नव्या लुगड्याला जेवढे दिवस लागतात आणि त्याची जी किंमत होते, तिच्यापुढे माझं जुनं लुगडं स्वस्त पडतं, हे खरंच आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता माझ्या पानावर जुन्या लुगड्याखाली त्यांचा नंबर असतो, त्यांच्या परवानगीने, आणि काही जणी जुनं बघून नवं मागवतात. त्यात मी दलाली घेत नाही. घ्यावी असं ते म्हणतात, मी घ्यावी असं भाचीही म्हणते, तो वाद चालू आहे.

पवनीच्या आजींचं ते लुगडं शेवटी विकलं गेलं तेव्हा दादांनी त्याचा काठ उतरवून घेतलेला होता. तसाच काठ पुन्हा विणायचा तर एवढ्या बारीक धाग्याला लागणारी फणी त्यांच्याकडे नाही. तालुक्यात दोन-तीन बंद माग अडगळीत पडून आहेत, त्यांच्या घरी विचारणं चालू आहे. मी पेटी बघायला जाते तिथे आता फणीचंही विचारते.